एकट्या माणसाला ‘कुटुंब’ म्हणावे का?

हळदपेठ (सांगली):
ऑस्ट्रेलियातील एका नगरपरिषद क्षेत्राची लोकसंख्याविषयक माहिती तेथील मराठी ज्येष्ठांसाठी मराठीत आणण्याचे काम मी घेतले आणि पहिल्याच तक्त्यावर अडलो. तिकडच्या जनगणनेत दोन संज्ञा काटेकोरपणे वेगळ्या आहेत. एका निवासात नेहमी राहणारी एक किंवा अनेक माणसे ही पहिली, ‘हाउसहोल्ड’. त्यांच्यापैकी रक्ताने, लग्नाने, लग्नाविना सहजीवनाने किंवा दत्तक घेतल्याने जोडलेली किमान दोन माणसे ही दुसरी, ‘फॅमिली’. २०२१ मध्ये देशभरात पहिल्या संज्ञेखाली ७०.५ टक्के कौटुंबिक, २५.६ टक्के एकट्या व्यक्तीचे आणि ३.९ टक्के बिननात्याच्या माणसांचे घटक नोंदले गेले. आपल्याकडे दोन्हींना ‘कुटुंब’च म्हणतात, म्हणून मी ‘एकसदस्य कुटुंब’ असे लिहिले. मसुदा तपासणाऱ्या बाईंनी समासात तांबड्या शाईने विचारले आहे, ‘एकटा माणूस कुटुंब कसा?’

निवृत्त प्रगणक (तासगाव):
आपला शब्द बरोबर आहे. २०११ च्या फेब्रुवारीत मी घरोघर फिरलो, तेव्हा नेहमी एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे म्हणजे कुटुंब, अशी व्याख्या आम्हाला दिलेली होती आणि तिच्यात नात्याची अट नव्हती. एका वाड्यात सोप्याच्या दोन टोकांना दोन भावांच्या दोन चुली होत्या. थोरले बंधू म्हणाले, “आमचं एकच खटलं आहे गुरुजी, एकच लिहा,” आणि त्याच वेळी धाकट्याची मंडळी माजघराच्या दारातून मला दोन बोटे दाखवत होती. मी दोन लिहिली. खरे तर मराठीतला नेमका शब्द ‘चूल’ हाच आहे.

शब्दवेडी (कराड):
गुरुजी, गॅसच्या शेगडीला सरकारी कागदात चूल म्हणणार का? ‘कुटुंब’ या शब्दामागे पोराबाळांचा, शेतीभातीचा संसार उभा असतो; ‘कुणबी’ हा शब्दही ‘कुटुंबिन्’वरून आल्याचे मानले जाते. त्यात एकट्या भाडेकरूला कोंबण्यापेक्षा ‘गृहघटक’ म्हणावे.

संगममाहुली (सातारा):
‘गृहघटक’ फायलीत जन्मेल आणि फायलीतच मरेल. शिवाय ताईंनी सांगितलेला अर्थ तरी सर्वत्र कुठे होता? आमचे आजोबा ‘कुटुंबाला बरे नाही’ म्हणत तेव्हा त्यांच्या मते फक्त आजी आजारी असे, म्हणजे एका माणसाचे कुटुंब आमच्या घरात आधीपासूनच होते! माझे मत ‘बिऱ्हाड’ या शब्दाला आहे. तो कानडी ‘बिडार’शी नाते सांगतो आणि त्याला माणसांची संख्या विचारावी लागत नाही.

शब्दवेडी (कराड):
बिऱ्हाडाला भाड्याचा वास येतो. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. स्वतःच्या बंगल्यात एकटी राहणारी विधवा स्वतःला बिऱ्हाड म्हणवून घेईल का?

हळदपेठ (सांगली):
ती ‘सडाफटिंग’ तर मुळीच म्हणवून घेणार नाही. पण बिननात्याची माणसे एकत्र राहतात, त्यांना काय म्हणावे? विश्रामबागेतली कॉलेजची मुले ‘रूम पार्टनर’ म्हणतात.

संगममाहुली (सातारा):
त्यासाठी ‘गाळा’ आहे. जावळी-पाटणकडचे गिरणी कामगार मुंबईत गावाच्या गाळ्यात राहत. वडिलांची ट्रंक भिंतीलगत असे, आणि रात्रपाळीचा माणूस उठला की त्याच्याच वळकटीच्या जागी दिवसपाळीचा झोपे.

निवृत्त प्रगणक (तासगाव):
ते जेवत खानावळीत. चूल नाही, तर कुटुंब एक कसे?

शब्दवेडी (कराड):
म्हणजे गुरुजी, आपल्या व्याख्येने डबा लावणारा माणूस मोजलाच जाणार नाही.

निवृत्त प्रगणक (तासगाव):
तो एकटा मोजला जाईल, आणि हळदपेठकरांचे ‘एकसदस्य कुटुंब’ म्हणजे नेमका तोच. राहता राहिले मूल सोबत नसलेले जोडपे. त्यासाठी आपल्या ऊसपट्ट्यात तयार शब्द आहे. तोडणीच्या हंगामात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात आणि एकटा आलेला मजूर ‘अर्धा कोयता’.

शब्दवेडी (कराड):
तो मुकादमाचा उचल देण्याचा हिशेब आहे, नात्याचा नाही. अर्ध्या कोयत्यात एकट्या बाईची मजुरी अर्धी होते, हे विसरून तो शब्द तक्त्यात घालू नये.

हळदपेठ (सांगली):
मला ‘कोयता’ लिहायचे नाही. सोमवारी मसुदा द्यायचा आहे. समासातल्या तांबड्या प्रश्नाला काय उत्तर लिहू?

संगममाहुली (सातारा):
ते पाहू. गाळ्याबद्दल एक राहिले: तिथे काही खोल्यांत आठवड्यातून एकदा मटण खोलीतच शिजे. गुरुजी, त्या दिवशी चूल एक झाली की नाही?