शाहरुखचं केबीसी तुमच्या घरी कोण बघायचं?

केबीसी म्हटलं की बच्चन. त्यात वादाला जागा नाही, म्हणूनच हा धागा काढतेय.

2000 सालचं केबीसी सगळ्यांना पाठ आहे. 3 जुलैला सुरू झालं, रात्री नऊला रस्ते ओस पडायला लागले आणि ऑक्टोबरात आपल्या हर्षवर्धन नवाथेनं एक कोटी जिंकले. 2005 चं दुसरं पर्वही लोकांच्या लक्षात आहे. बक्षीस दोन कोटींवर गेलं, बच्चन आजारी पडले आणि जानेवारी 2006 मध्ये ते मधेच थांबलं. त्यानंतरचं मात्र लोक सरळ गाळतात. 22 जानेवारी 2007 ते 19 एप्रिल 2007, सोमवार ते गुरुवार, 52 भाग, सूत्रसंचालक शाहरुख खान. परवा हे सांगितलं तर माझ्या भाच्याला वाटलं मी फेकतेय.

कोण सरस हा वाद इथे नको. तो झालाय, निकालही लागलाय. त्या तीन महिन्यांत तुमच्या घरी, मेसमध्ये, चाळीत काय चाललं होतं ते लिहा.

सुरुवात मीच करते. आमच्या साताऱ्याच्या घरात पहिल्याच सोमवारी फूट पडली. बाबांनी दहा मिनिटं बघितलं, ताट उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन जेवायला बसले. "हा काय प्रश्न विचारतोय की मस्करी करतोय?" आजीला मात्र तो भलताच आवडला. बच्चनसमोर तीसुद्धा पदर सावरून बसायची, शाहरुखसमोर पाय पसरून. हरलेल्या माणसालाही तो मिठी मारून निरोप द्यायचा, ते बघून म्हणायची, "ह्याला माणसाची चाड आहे बघ." माझं मत असं, की ते तीन महिने आमच्या घरातला टीव्ही पहिल्यांदाच बाबांच्या मर्जीवर चालला नाही. आता तुम्ही बोला.

पेठेतला_जुना

सदाशिव पेठ, एमपीएससीचे दिवस. आमच्या मेसला आठची आणि नऊची अशा दोन पाळ्या होत्या. नऊच्या पाळीला भाजीतले बटाटे संपून नुसता रस्सा उरायचा, त्यामुळे शहाणी माणसं आठलाच जेवून घ्यायची. केबीसी सुरू झालं आणि रश्श्याची पर्वा न करता नऊची पाळी भरायला लागली.

एक लक्षात घ्या, आमच्या जगात केबीसी हा करमणुकीचा कार्यक्रम नव्हताच. नवाथे स्वतः नागरी सेवा परीक्षेची तयारी करत होता, आणि त्याचा कोटीचा प्रश्न म्हणजे संसदेच्या कामकाजात भाग घेण्याचा अधिकार राज्यघटनेनं कोणाला दिलाय. उत्तर, महान्यायवादी. कलम 76 नेमणुकीचं, 88 सभागृहात बोलण्याचं. पेठेत नवीन आलेल्या प्रत्येक पोराला जुना पोरगा हे सांगायचाच, आणि सांगताना असा चेहरा करायचा की तो कोटी यानंच थोडक्यात सोडला.

तर टीव्ही फ्रीजवर ठेवलेला, आम्ही खाली पाटांवर. प्रश्न पडला की तीसेक जणांचे घास हातात थांबायचे. एकजण पर्याय येण्याआधीच उत्तर देऊन मोकळा व्हायचा, त्याचं नावच कॉम्प्युटरजी पडलं होतं. मेसवाल्या काकूंना हा सगळा प्रकार तोंडपाठ झालेला. पाचव्या चपातीला हात पुढे केला की परात मागे घेऊन विचारायच्या, "लॉक करू का?" आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या पंगतीकडे वळायच्या.

कॉम्प्युटरजी आता मंत्रालयात आहे. नाव सांगत नाही. केबीसीला मात्र त्याचा नंबर कधी लागला नाही.

गिरगावकर

आमच्याकडे शाहरुखच्या आधी कॅस आलं. नव्या पिढीसाठी सांगतो: 2007 उजाडताना दक्षिण मुंबईत नियम लागू झाला की पेड चॅनल बघायचं तर सेट टॉप बॉक्स हवाच. फुकट चॅनलांचे महिन्याला 77 रुपये, त्यावर प्रत्येक पेड चॅनलचे 5. स्टार प्लस पेड. म्हणजे केबीसी सुरू व्हायला तीन आठवडे असताना अख्ख्या चाळीच्या पडद्यावर मुंग्या.

डबा घ्यायचा की नाही यावर मजल्यामजल्यावर परिषदा झाल्या. "दोन महिन्यांत सरकार मागे घेतंय बघा" म्हणणारे बहुमतात होते. आमच्या मजल्यावर फक्त मधल्या खोलीतल्या काकांनी डबा आणला, आणि सोमवार ते गुरुवार त्यांच्या दारात चपलांचा ढीग. काकूंनी एकच अट घातली, बसायची वस्तू ज्यानं त्यानं आणायची. मग पावणेनऊला कॉमन गॅलरीतून मिरवणूक निघायची. कोणाकडे पाट, कोणाकडे चटई, कोणाकडे अभ्यासाचं स्टूल, आणि एक आजोबा पत्र्याच्या खुर्चीसकट. खुर्ची मागेच लावायची हा काकूंचा दुसरा नियम, कारण आजोबांच्या टोपीमुळे पर्याय 'ब' आणि 'ड' दिसायचे नाहीत.

मार्चअखेर बऱ्याच घरांत डबे आले आणि ही बैठक मोडली. घरी आरामात बसून बघितलेला त्यानंतरचा एकही भाग मला आठवत नाही.

स्पष्टच_बोलते

मला शाहरुख आवडतो, पण हॉट सीटवरच्या माणसाच्या घशाला कोरड पडलेली असताना समोरचा शांत लागतो. बच्चन गप्प बसला तरी खेळ चालायचा. शाहरुखला गप्प बसवत नव्हतं. प्रेक्षकसंख्येचे आकडे बच्चनच्या उंचीला गेले नाहीत यात नवल काय? बाकी चालू द्या.

माजलगावचा

तुमच्याकडे चॅनलचा प्रश्न, आमच्याकडे लाईटीचा. त्या वर्षी बीड जिल्ह्यात लोडशेडिंगचं वेळापत्रक लोक पंचांगासारखं बघायचे. आमच्या फिडरला एक आठवडा दिवसाची पाळी आणि एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात नऊला गुडूप अंधार.

गंमत अशी की केबलवाल्याकडे जनरेटर होता. म्हणजे वायरीतून शाहरुख घरापर्यंत येऊन थांबलेला, आणि घरात लाईट नाही! मग चुलत्यानं ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली आणि माळ्यावरचा जुना 14 इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही तिच्यावर जोडला. तो 12 व्होल्टवर चालायचा. ओट्यावर टीव्ही, समोर गल्ली. आवाज चांगला, चित्र मधूनच आक्रसायचं. आक्रसायला लागलं की चुलता ओरडायचा, "बंद करा रे, सकाळी ट्रॅक्टर ढकलावं लागंल!" पण बंद करायला कोणी उठायचं नाही, आणि सकाळी ज्यांनी रात्री बघितलं त्यांनीच ढकलायचं हे ठरूनच गेलेलं.

त्या पडद्यावर शाहरुखच्या सगळ्या टाय करड्या. आमच्या चुलतबहिणी तरीही टायच्या रंगावरून भांडायच्या.

एसेमेस_बहाद्दराची_बहीण

'हर सीट हॉट सीट' कोणालाच आठवत नाहीये? प्रेक्षकांसाठी भागात एक प्रश्न यायचा, चार पर्याय. बरोबर उत्तर देणाऱ्यांतून एकाला 2 लाख. माझा भाऊ बारावीला, कॉलेज लांब म्हणून त्याला घेऊन दिलेला फोन. एसेमेसचे 2 रुपये 40 पैसे. प्रश्न इतके सोपे असायचे की आमची मोलकरीणसुद्धा भांडी घासता घासता उत्तर सांगायची, आणि तिथेच मला शंका आली होती. भावाला नाही आली. त्याचं गणित सरळ होतं, जास्त एसेमेस म्हणजे जास्त संधी. खरवडायच्या रिचार्ज कूपनांची चांदीची भुकटी त्याच्या गादीखाली सापडली, तेव्हा आईला वाटलं पोरगं भलत्याच नादाला लागलं.

पुढचं फार लोकांना माहीत नाही. 2008 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं या स्पर्धेवरून चॅनल आणि मोबाईल कंपनीला दंड केला. म्हणणं असं की भाग घ्यायला पैसे नाहीत असं दाखवून बक्षिसाचा खर्च एसेमेसच्या दरातूनच काढला. दंड किती, तर 1 कोटी, म्हणजे थेट पहिल्या केबीसीचं बक्षीस! पुढे सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. आमच्या बाबांनी भावाच्या बाबतीत दिलेला आदेश मात्र कोणी रद्द केला नाही. बारावीचा निकाल लागेपर्यंत फोन कपाटात.

रंकाळा

19 मार्च 2007, सोमवार. वेस्ट इंडिजमधला वर्ल्ड कप, भारत विरुद्ध बर्म्युडा. दोनच दिवसांपूर्वी बांगलादेशनं आपल्याला लोळवलेलं, म्हणून ही मॅच बघायचीच असा घरात ठराव. सात वाजता सुरू. लगेचच त्या लठ्ठ लेव्हरॉकनं स्लिपमध्ये उथप्पाचा झेल घेतला आणि मैदानभर पळत सुटला. आम्ही कपाळाला हात लावला.

नऊ वाजले. सेहवाग सुटलेला. आणि आमची आत्या, जी माहेरपणाला म्हणून आली ती मे महिन्यापर्यंत राहिली, हॉलमध्ये येऊन उभी. "शारुक लावा." आम्ही म्हटलं, आत्या, देशाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "बर्म्युडाबरबर कसला रं देशाचा प्रश्न?" याला उत्तर नव्हतं. शेवटी तह झाला: ओव्हर संपली की केबीसी, ब्रेक लागला की मॅच. परिणामी आम्हाला प्रश्न कळले पण उत्तरं नाही, आणि आत्याला सेहवागच्या शतकाच्या टाळ्या ऐकून वाटलं कोणीतरी कोटी जिंकला. भारताचे 413 झाले, वर्ल्ड कपमधला तेव्हाचा विक्रम.

त्या शुक्रवारी श्रीलंकेनं आपल्याला घरी धाडलं. रिमोट आत्याकडे गेला तो शाहरुख संपेपर्यंत.

धंतोलीची

त्या मिठ्यांबद्दल मी जरा वेगळं लिहिते. नागपूरच्या होस्टेलवर आम्ही कॉमन रूममध्ये बघायचो, आणि अर्ध्या मुली केवळ मिठीसाठी केबीसीत जायची स्वप्नं बघत होत्या. एका भागात हॉट सीटवर एक प्राध्यापिका आल्या. त्यांनी शाहरुखला तोंडावर सांगितलं की मला तुमची मिठी वगैरे नको. कॉमन रूममध्ये आधी शांतता, मग हाहाकार. "येडी आहे का हे बाई?" त्यानं ते हसत घेतलं आणि मग त्यांच्या आईकडे वळला.

आमच्यात त्यावरून दोन तट पडले. वॉर्डनबाई एरवी टीव्हीच्या खोलीत फक्त दिवा बंद करायला यायच्या. त्या दिवशी दारात उभ्या राहून शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "नाही म्हणता आलं पाहिजे." मी तेव्हा विरुद्ध तटात होते. आज वॉर्डनबाईंच्या तटात आहे, शाहरुख तितकाच आवडूनही.

एडिसन_न्यूजर्सी

इकडे मजा वेगळी होती. ती धून, ते दिवे, ती हॉट सीट, सगळं मूळ ब्रिटिश कार्यक्रमातलं, त्यामुळे अमेरिकन अवतारातही तेच. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. तिनं शाहरुखला बघून विचारलं, यानं मेरेडिथ व्हिएराचा कार्यक्रम का घेतला? सासूबाई त्या हिवाळ्यात आमच्याकडे होत्या, बाहेर बर्फ, पायात दोन दोन मोजे. हिंदी प्रश्न त्या नातीला मराठीत समजावायच्या, नात त्यांना इंग्रजीत उत्तर द्यायची आणि शाहरुख तिसरंच काहीतरी बोलायचा. नातीचं मराठी सुधारलं ते त्या काळात. रविवारच्या मराठी शाळेनं श्रेय घेतलं.

तळ्यात_मळ्यात

ऑक्टोबर 2010 मध्ये केबीसी सोनीवर आलं, बच्चन परतले. 2013 मध्ये सचिन खेडेकरांनी ईटीव्ही मराठीवर 'कोण होईल मराठी करोडपती' केलं, ते मला मनापासून आवडलं. शाहरुखच्या पर्वातले जुने भाग कोणी सीडीवर घेऊन ठेवलेत का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

डोंबिवली_फास्ट_चुकलेला

सीडी नाही, पण आमच्या मंडळाचा गणपती आहे. 2007 चे गणपती सप्टेंबरात, शाहरुख जाऊन पाच महिने झालेले. तरी सांस्कृतिक समितीनं ठरवलं, यंदा संगीत खुर्ची नको, केबीसी करू. शाहरुख झाला आमच्या नाक्यावरचा एक रिक्षावाला. दिसायला अजिबात नाही, पण हात पसरण्यात कोणाला ऐकत नव्हता. लग्नातला कोट, केसांना अर्धी बाटली तेल. लाइफलाइन म्हणून 'फोन अ फ्रेंड' होती, पण मंडपात रेंज नसल्यामुळे मित्राला इमारतीच्या गॅलरीतून हाक मारायची सोय केलेली. ऑडियन्स पोल म्हणजे हात वर करा, आणि लहान पोरं दोन्ही हात वर करायची.

प्रश्न एका निवृत्त शिक्षकांनी काढलेले. त्यामुळे तिसऱ्याच प्रश्नाला पुरंदरच्या तहाची कलमं. माणसं पटापट गळत होती. शेवटी आमच्या विंगमधले आजोबा बसले आणि एकही लाइफलाइन न वापरता शेवटपर्यंत पोचले. बक्षीस म्हणून पितळी डबा. शाहरुखनं माईक बाजूला ठेवला, दोन्ही हात पसरले आणि अख्खा मंडप शिट्ट्या मारत असताना पुढे सरकला.

आजोबा म्हणाले, "तेल पुसून ये आधी. आणि डबा झाकणासकट दे."

झाकण मांडववाल्याच्या सामानात गेलं होतं, ते विसर्जनानंतर मिळालं.