मदत हवी आहे: शंटिंग इंजिनाच्या लुब ऑइलमध्ये पाणी, शिरतंय कुठनं?

उद्यमनगरचा_फिटर
डब्ल्यूडीएस-६ (रेल्वेचे डबे हलवायचं डिझेल इंजिन), अल्को डिझाइनचं ६ सिलिंडर, खासगी साइडिंगवर. तेल दुधाळ झालंय, तापल्या तव्यावर थेंब टाकला की तडतडतो. रात्री बंद ठेवलं की सकाळी एक्स्पान्शन टँकच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या वरच्या टाकीच्या) काचेत पाणी दोन बोटं खाली. चालू असताना फारसं उतरत नाही, बाहेर टिपूसही नाही. मालक म्हणतात सहाही लायनर (पिस्टन ज्यात चालतो ती नळकांडी, बाहेरून पाणी) काढा, पाणी अडवणाऱ्या रबर रिंगा बदला. रिंगा कोल्हापुरात मिळतील, पण सहा हेड उतरवण्याआधी विचारतोय.

काळं_तेल
थांबा भावा. टँकमधल्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का? ऑइल कूलरची (पाण्यानं तेल गार करतो तो) नळी फुटली असली तर इंजिन चालू असताना तेलाचा दाब जास्त, म्हणून तेल पाण्यात जातं. बंद केलं की तेलाचा दाब शून्य आणि टँकचं पाणी वरून दाबतं, मग पाणी तेलात. म्हणजे कूलर दोन्हीकडं खूण सोडतो.
आणि सकाळी थेट क्रँक करू नका! टेस्ट कॉक (प्रत्येक सिलिंडरची तपासायची तोटी) उघडे ठेवून बारने (पहारीनं, हातानं) क्रँकशाफ्ट पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. आफ्टरकूलर (सिलिंडरात जाणारी हवा पाण्यानं गार करतो तो) गळत असेल किंवा हेडला तडा असेल तर सिलिंडरात साठलेलं पाणी कॉकमधून निघेल. न बघता स्टार्ट मारलात तर हायड्रॉलिक लॉक, म्हणजे पाणी दबत नाही आणि पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकलाच समजा.

पंचगंगाकाठ
शंटिंग इंजिन तासन्‌तास आयडलवर असतं, क्रँककेस (इंजिनाचा खालचा, तेलाचा भाग) थंड. एक्झॉस्टर (त्यातली वाफ बाहेर ओढणारा पंखा) बंद पडला असला तर आत वाफेचं पाणी होतं. तेच नसेल ना?

काळं_तेल
एक्झॉस्टर बघाच, पण त्यानं टँकची पातळी का उतरेल? शंका असेल तर तेलाचा नमुना लॅबला द्या. कूलिंग वॉटरमध्ये बोरेट-नायट्राइट टाकत असाल तर तेलात सोडियम-बोरॉन वाढलेलं दिसेल. नुसत्या वाफेच्या पाण्यात ते नसतं. नव्या तेलाचा नमुना जोडीला द्या, कारण काही तेलांत बोरॉन मुळातच असतं.

उद्यमनगरचा_फिटर
तवंग नाही. कॉक सगळे कोरडे. एक्झॉस्टर चालू आहे.

काळं_तेल
मग लायनरकडं वळा, पण सहाही नकोत. इंजिन बंद करून निदान अर्धा तास क्रँककेसची दारं उघडू नका. तापलेल्या तेलवाफेला हवा मिळाली तर भडका उडतो. मग प्रत्येक लायनरची खालची कड पुसा, खडूची पूड लावा, रात्रभर टँक भरलेला ठेवा. सकाळी बॅटरीनं बघा, पूड भिजली तो लायनर. गरम असताना रबर फुगून बसतं, थंड झालं की आकसतं, म्हणून तुमची गळती रात्रीची.

उद्यमनगरचा_फिटर
४ नंबरची पूड ओली, धार बारीक. बाकी पाच कोरडे.

काळं_तेल
लायनर काढलात की ब्लॉकमध्ये रिंग टेकते ती जागा बोटानं चाचपा. गंजून खड्डे पडले असतील तर नवी रिंगही गळेल. रिंगा बसवताना पीळ पडू देऊ नका. तेल सगळं टाका, गाळून परत वापरायचा मोह नको. पेपर फिल्टर पाण्यानं फुगून चोंदतात, बायपास (फिल्टर टाळून जायची वाट) उघडतो, गाळ थेट बेअरिंगला जातो. तेव्हा फिल्टर बदला आणि एखादी मेन बेअरिंग कॅप काढून शेल (बेअरिंगचं आतलं अस्तर) बघा. मालकांना ते दाखवा, रिंगांपेक्षा खर्चाची बाब ती आहे.