जिनिंगचा ग्रॉस प्रॉफिट 7 वरून 4.3 टक्क्यांवर, विक्री मात्र तेवढीच

रुई_सरकी (धरणगाव)
भागीदारी फर्म, जिनिंग-प्रेसिंग. विक्री दोन्ही वर्षी 12 कोटींच्या आसपास, रुईचा उतारा (कापसातून निघणाऱ्या रुईचं प्रमाण) आणि भावातला फरकही साधारण तोच. तरी ग्रॉस प्रॉफिट 84 लाखांवरून 52 लाखांवर आला. सीसीचं (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं) रिन्यूअल अडकलंय, बँक म्हणते धंदा खाली चाललाय. यंदा टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) लेजर, म्हणजे खाती, नव्या अकाउंटंटने लावलेत. कापसाची भाडं-हमाली 20 लाख, मशिनरी दुरुस्ती 18.40 लाख. कुठे बघू?

ताळेबंद (जळगाव)
भाऊ, उतारा आणि भाव तेच असतील तर काट्यावर संशय नंतर घ्या, आधी ग्रुप (कोणतं खातं कोणत्या गटात टाकलंय ते) तपासा. दोन्ही वर्षांच्या ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या याद्या) शेजारी ठेवून कोणतं लेजर कुठे बसलंय ते जुळवा. मागच्या वर्षी भाडं-हमाली इनडायरेक्टमध्ये (ग्रॉस प्रॉफिट काढल्यावर वजा होणाऱ्या खर्चात) आणि यंदा डायरेक्टमध्ये (ग्रॉस प्रॉफिटच्या आधीच वजा होणाऱ्या खर्चात) असेल, तर 20 लाखांचा उलगडा तिथेच झाला. त्यात यंदाचंच बरोबर आहे. कापूस जिनपर्यंत आणायचा खर्च कापसाच्या किमतीतच धरायचा. म्हणजे मागचे 7 टक्केच फुगलेले होते. बँकेला मागचे आकडेही नव्या मांडणीत द्या.

‘निव्वळ नफा तर तोच राहतो’ असं कुणी म्हणेल, पण ते अर्धंच खरं. 31 मार्चला वर्षभराच्या खरेदीतला 10 टक्के कापूस शिल्लक असेल आणि साठा नुसत्या खरेदी भावाने धरला असेल, तर भाड्यातले 2 लाख साठ्यात यायचे राहिले. नफा तेवढा कमी दिसतो. अर्थात बाजारभाव खर्चाखाली गेला असेल तर साठा त्या भावानेच धरायचा.

जुनी_वही (चोपडा)
उरलेले 12 लाख दुरुस्तीत शोधा. रोलर, नाइफ, बेल्ट, बेअरिंग बदलले तर ती दुरुस्तीच, बिल 3 लाखांचं का असेना. रक्कम मोठी म्हणून खर्च भांडवली (मालमत्तेत धरायचा), हे खूळ बऱ्याच ऑफिसांत आहे. नवं मशीन असेल तर मात्र वाहतूक, फाउंडेशन, फिटिंगसकट सगळं मशिनरी खात्यात.

रुई_सरकी
सापडलं. डिसेंबरमध्ये दोन नवी डबल रोलर मशीनं बसवली, सगळं मिळून बरोबर 12 लाख, जीएसटी सोडून. दुरुस्तीत टाकलंय आणि दुरुस्ती डायरेक्टमध्ये आहे.

जुनी_वही (चोपडा)
मग मशिनरी खाते नावे 12,00,000, दुरुस्ती खाते जमा. घसारा आयकराच्या दराने धरत असाल तर 15 टक्के, पण वापर 180 दिवसांपेक्षा कमी म्हणून निम्मा, 7.5 टक्के: 90,000. निव्वळ नफा 11.10 लाखांनी कमी दाखवला गेला, आणि ताळेबंदात मालमत्ता व भागीदारांचं भांडवल दोन्ही तेवढंच कमी. जीएसटीचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलंय ना? मग तो कर मशीनच्या किमतीत मिळवू नका. त्यावर घसारा घेतलात तर क्रेडिट हातचं जातं.

ताळेबंद (जळगाव)
आणखी दोन लेजर उघडा. टर्म लोनचा पूर्ण हप्ता व्याजात टाकलाय का? 90,000 चे 12 हप्ते म्हणजे 10.80 लाख, त्यात मुद्दल 6 लाख असेल तर नफा तेवढा कमी आणि कर्ज तेवढं जास्त दिसतं. बँकेच्या लोन स्टेटमेंटशी शिल्लक जुळवली की लगेच कळतं. दुसरं, शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा आरसीएम (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा जीएसटी). रोखीने भरला म्हणून तो खर्चात टाकतात. क्रेडिट मिळत असेल तर तो खर्च नव्हेच.

ऑडिटची सही व्हायच्या आत नोंदी फिरवा. सही झाली असेल तर दुरुस्ती पुढच्या वर्षात पूर्वकालीन बाब म्हणून वेगळी दाखवावी लागेल.