मदत हवी आहे: बामणोलीहून दत्त मंदिर आणि वासोटा किल्ला, लाँचचा खर्च कमी कसा करावा?

कोरेगावची_सून

नमस्कार मंडळी. आमच्या बचत गटाच्या सतरा जणींची सहल ठरतेय. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली आणि पुढे शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात लाँच. निम्म्या जणींना वासोटा चढायचाय. बाकीच्यांना त्रिवेणी संगम आणि दत्त मंदिर झालं तरी पुरे, कारण त्यात दोघी साठी ओलांडलेल्या आहेत आणि एकीचे गुडघे धरलेत.

पैसे गटाच्या खात्यातले नाहीत, ज्याचे त्याचे आहेत. कुणी दुधाच्या पगारातून बाजूला काढलेत, कुणी ब्लाउज शिवून. त्यामुळे माणशी शंभर रुपये वाचले तरी आम्हाला ते मोठे आहेत.

साताऱ्यातल्या एका सहलवाल्याने माणशी दर सांगितला. गाडी, लाँच, जेवण सगळं एकत्र. लाँचचे किती म्हणून विचारलं तर फोड करून देईना. चौकशी केल्यावर कळलं की तिकडे भाडं माणशी नसतंच, अख्ख्या लाँचचं असतं. म्हणजे समजा लाँच ३,००० रुपयांना ठरली, तर बारा जणींत माणशी २५० पडतात आणि सहा जणींत ५००. मग सहलवाला माणशी दर कशाच्या जोरावर लावतो?

गटात एक सूचना अशी आली की सतरा जणी एकाच लाँचमध्ये दाटीवाटीने बसू, एका लाँचचे पैसे वाचतील. याला मी साफ नाही म्हटलंय. खाली धरणाचं पाणी, अंगावर साड्या, आणि पोहता येणाऱ्या आमच्यात फार तर दोघी-तिघी. ठरलेल्या माणसांच्या वर एकही नको आणि प्रत्येकीला लाइफ जॅकेट हवं. हे सोडून बाकी कुठे कात्री लावता येईल ते सांगा. पलीकडच्या गावांसाठी जी लाँच सुटते तिच्यातून जाता येईल का? आणि दिवस कोणता धरावा?

जावळीखोरं

ताई, जास्तीची माणसं बसवायला नाही म्हणालात ते फार चांगलं केलंत. कुणी कितीही आग्रह केला तरी ऐकू नका.

सतरा जणींना तशाही दोन लाँच लागणारच. मग दोन्ही वासोट्याला कशाला नेताय? वासोट्याची लाँच दिवसभर अडकते. बामणोलीतून किल्ल्याच्या पायथ्याच्या मेट इंदवलीपर्यंत पाण्यात सुमारे दीड तास, वर चढायला दोन तासांच्या आसपास, आणि तुम्ही उतरेपर्यंत नावाडी तिथेच थांबलेला. म्हणून तिचं भाडं जास्त. संगम आणि दत्त मंदिराची फेरी थोड्या वेळाची, तिचा दर वेगळा आणि कमी. चढणाऱ्या एकीत, न चढणाऱ्या दुसरीत. दोन्हीचे पैसे एकत्र करून सतरा जणींत वाटू नका, नाहीतर गुडघेवाल्या मावशींच्या माथी वासोट्याचा खर्च बसेल.

बुकिंग थेट बोट क्लबच्या खिडकीवर करा. दर तिथे फलकावर असतात. वासोट्याच्या लाँचमध्ये जागा उरत असेल तर खिडकीवरच सांगून ठेवा. सकाळी तीन-चार पोरांचं टोळकं बहुतेक येतंच, त्यांनाही पूर्ण लाँच परवडत नसते. मुनावळे आणि शेंबडीलाही क्लब आहेत. तिथून वासोट्याचं पाण्यातलं अंतर कमी पडतं, तेव्हा तिथला दर विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

वनखात्याचं शुल्क वेगळं, कॅमेऱ्याचं आणखी वेगळं. ओळखपत्राच्या झेरॉक्स घरूनच आणा. प्लास्टिकच्या वस्तू मोजून अनामत घेतात, परत आणून दाखवल्या की पैसे मिळतात.

गावच्या लाँचचं मात्र मनातून काढा. कांदाटी खोऱ्यातल्या लोकांचा दवाखाना, बाजार, शाळा तिच्यावर चालते. वेळाही त्यांच्या सोयीच्या. तुम्ही सतरा जणी चढलात तर त्यातलं कुणीतरी काठावर राहणार.

रानवाट

एसटीचं कुणी बोललंच नाही! १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे आणि साताऱ्याहून बामणोलीला एसटी जाते. दत्त मंदिरवाल्यांनी एसटीनेच जावं, पण परतीच्या गाडीची वेळ स्टँडवर आधी विचारून. वासोटावाल्यांना एसटीच्या भरवशावर जमणार नाही, लाँच सकाळी लवकर सुटली तरच संध्याकाळच्या आत परत येणं होतं. त्यांनी एखादी वडापची (खासगी प्रवासी) जीप पहाटेची ठरवावी.

सांगलीकर

दिवस मधल्या वारचा धरा. शनिवार-रविवारी जागा वाटून घ्यायला कुणी तयार होत नाही, ग्रुप आधीच भरलेले असतात. दत्तजयंतीही टाळा. पावसाळ्यात वासोटा बंद असतो, आणि कासला फुलं असतात त्या दिवसांत रस्त्यावर गाड्याच गाड्या. माझ्या मते दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत सगळ्यात चांगलं.

आणखी एक, आणि हे मावशींसाठी फार महत्त्वाचं आहे. त्या दिवसांत धरण भरलेलं असतं, लाँच बरीच वरपर्यंत लागते. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं की लाँच लांबच थांबते. मग भेगाळलेल्या, कुठे कुठे पाय रुतेल अशा गाळातून चढून यायचं. दुखऱ्या गुडघ्याला ते जमायचं नाही.

कोरेगावची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. चढणाऱ्यांचे आणि न चढणाऱ्यांचे पैसे वेगळे ठेवायचे हे आमच्या डोक्यात आलंच नव्हतं. आज बैठकीत वाचून दाखवलं, मावशी लगेच म्हणाल्या, मग मी येते.

मार्गशीर्षातले गुरुवार सोडून, कारण बऱ्याच जणींचे उपास असतात, एखादा मंगळवार धरतोय. भाकरी, ठेचा, पिठलं घरून, स्टीलच्या डब्यात. म्हणजे जेवणाचेही वाचले आणि प्लास्टिकची अनामतही नको.

एकच राहिलं. चढणाऱ्या परत येईपर्यंत मंदिरवाल्यांनी बामणोलीत थांबायचं, की एसटीने पुढे साताऱ्याला निघायचं? थांबल्या तर बायकांना बसायला सावली आणि स्वच्छतागृह काठाजवळ आहे का? अलीकडे कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सांगा.