‘दिली होती’ म्हणजे दरवेळी ‘हॅड गिव्हन’च का?

शब्दवेडी: एका मराठी कथेचा इंग्रजी अनुवाद करते आहे. दोघी बहिणी कुलूप लावलेल्या दारासमोर उभ्या आहेत आणि थोरली म्हणते, ‘अगं, मी तुला किल्ली दिली होती!’ मी लिहिलं, ‘आय हॅड गिव्हन यू द की.’ संपादकांनी ‘हॅड’ उडवून ‘आय गेव्ह यू द की’ केलं. माझ्या मते त्या वाक्याचा सगळा जीव ‘होती’मध्ये आहे आणि तोच गेला.

दुसरी अडचण याच प्रकरणातली. ‘सरांनी मला नियम समजावला होता’ याला सोबतचे अनुवादक ‘ही हॅड एक्स्प्लेन्ड मी द रूल’ म्हणतात. ‘हॅड टोल्ड मी द रूल’ चालतं, मग हे का नाही, असा त्यांचा सवाल आहे. दोन कर्मं घेणाऱ्या क्रियापदांना ‘हॅड’ लागला की काही वेगळा नियम आहे का?

जुना मास्तर: ‘हॅड’मुळे कर्मांचं काहीच बदलत नाही. साध्या भूतकाळात जी रचना चालते तीच इथे चालते. गिव्ह, सेंड, टेल, शो, टीच, लेंड ही क्रियापदं दोन्ही प्रकारे वापरता येतात: ‘हॅड सेंट हिम द लेटर’ किंवा ‘हॅड सेंट द लेटर टू हिम’. दोन्हींत जे नवीन सांगायचं ते शेवटी जातं. पत्र वस्तू म्हणून आलं आणि त्याच्या जागी ‘इट’ ठेवलं, की मात्र बहुतेक जण ‘हॅड सेंट इट टू हिम’ असंच म्हणतात.

एक्स्प्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, डोनेट, से यांना पहिली रचना मानवत नाही. ‘हॅड एक्स्प्लेन्ड द रूल टू मी’ हेच बरोबर. मराठीत ‘ला’ सगळ्यांना सारखाच लागतो, म्हणून आपल्याकडची भलीभली माणसं इथे घसरतात. ढोबळ ओळख अशी की लॅटिनकडून आलेली लांब क्रियापदं बहुधा ‘टू’ मागतात. ‘ऑफर’ आणि ‘प्रॉमिस’ हा नियम मोडतात, आणि ‘से’ तर अस्सल इंग्रजी असूनही ‘टू’ मागतो. तेव्हा शब्दकोशातलं उदाहरण बघितल्याशिवाय खात्री धरू नये.

तळटीप: मास्तर, ‘हॅड’मुळे काहीच बदलत नाही हे पूर्ण खरं नाही. ‘शी हॅड सेंट हिम द लेटर’ म्हणजे तिनं त्याला पत्र पाठवलं होतं. ‘शी हॅड हिम सेंड द लेटर’ म्हणजे तिनं त्याला पत्र पाठवायला लावलं. ‘शी हॅड द लेटर सेंट टू हिम’ म्हणजे तिनं कुणाकडून तरी ते त्याच्याकडे पाठवलं. घाईत वाचणाऱ्याला तिन्ही सारखीच दिसतात. शिकवताना मी ही तीन वाक्यं एकाखाली एक लिहून ‘पाठवलं कुणी?’ एवढंच विचारते.

जुना मास्तर: मान्य. पण शेवटच्या दोन वाक्यांतला ‘हॅड’ हे मुख्य क्रियापद आहे. मी साहाय्यक ‘हॅड’बद्दल बोलत होतो.

शब्दवेडी: एक्स्प्लेनचं समजलं, आभार. पण किल्लीचं काय?

जुना मास्तर: संपादक बरोबर आहेत. इंग्रजीत ‘हॅड गिव्हन’ला भूतकाळातलाच दुसरा एखादा खुंटा लागतो: ‘ती निघाली त्याच्या आधीच मी तिला किल्ली दिली होती’. तुमच्या वाक्यात तसा खुंटा नाही. आपला पूर्ण भूतकाळ त्यावाचून उभा राहतो. ‘काल मी तुला फोन केला होता’ यात ‘काल’ आहे, दुसरी घटना नाही, आणि तरी ‘होता’ अगदी सहज येतो. इंग्रजीत तिथे साधा भूतकाळ पुरतो.

शब्दवेडी: मग ‘होता’ तिथे करतो काय? दारासमोर ‘मी तुला किल्ली दिली’ असं म्हटलं तर ऐकणारी म्हणेल, कधी? आत्ता? ‘दिली होती’ म्हटलं की त्यात आलं, ‘म्हणजे ती तुझ्याकडे असायला हवी, कुठे घातलीस?’ ‘मी तुला सांगितलं होतं’, ‘मी तुला पैसे दिले होते’, ‘तू मला वचन दिलं होतंस’, सगळ्यांत तेच. घेणाऱ्यावर जबाबदारी येते. दोन कर्मांच्या क्रियापदांत हे सगळ्यात लख्ख दिसतं, कारण तिथे घेणारा वाक्यातच उभा असतो. मला हेच इंग्रजीत आणायचं आहे.

तळटीप: ‘बट आय गेव्ह यू द की!’ असं करून बघा. ‘होती’चं बरंचसं काम तो ‘बट’ करेल.

सूत्रपाठी: सगळे ‘देणे’ला द्विकर्मक धरून चालला आहात म्हणून लिहितो. पाणिनीच्या ‘कर्मणा यमभिप्रैति स सम्प्रदानम्’ (१.४.३२) या सूत्राने ज्याला दिलं जातं ते संप्रदान, कर्म नव्हे. द्विकर्मकाचा विषय पुढे ‘अकथितं च’ (१.४.५१) इथे येतो. त्याखाली परंपरा जे सोळा धातू मोजते त्यांत दुह् (दोहणे), याच् (मागणे), प्रच्छ् (विचारणे), ब्रू (सांगणे) आहेत. ‘गां दोग्धि पयः’ हे प्रसिद्ध उदाहरण, त्यात गाय आणि दूध दोन्ही द्वितीयेत. म्हणजे विचारणं आणि सांगणं द्विकर्मक, पण ‘दा’ (देणे) त्या यादीत नाही. मराठीत द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय सारखेच, म्हणून शाळेत ‘देणे’ हेच द्विकर्मकाचं पहिलं उदाहरण होऊन बसलं. ‘अप्रत्यक्ष कर्म’ हा शब्दही इंग्रजी व्याकरणाची सावली आहे. संप्रदान म्हणावं.

कर्मणी: संस्कृतचं माप मराठीला का लावायचं? मराठी कशी चालते ते बघा. ‘तिनं बाळाला आजीला दिलं होतं’ हे व्याकरणात बसेल, पण तोंडातून निघत नाही. आपण ‘आजीकडे दिलं होतं’ म्हणतो. दोन ‘ला’ शेजारी आले की कान अडतो आणि माणूस आपोआप वाट बदलतो. दुसरीकडे ‘मुलाला गावाला पाठवलं होतं’ यात दोन ‘ला’ बिनतक्रार चालतात, कारण गाव काही मुलाला स्वीकारायला बसलेलं नाही, ते नुसतं ठिकाण आहे. आणि ‘मुलीला दिलं होतं’ व ‘मुलगी दिली होती’ यांतला फरक तर कुणाला शिकवावा लागत नाही. एकात मुलीला काहीतरी मिळालं, दुसऱ्यात तिचं लग्न झालं. हे ज्ञान बोलणाऱ्यांच्या कानात आहे, ते कुठल्याही सूत्रावर अवलंबून नाही.

सूत्रपाठी: तुम्ही दिलेला फरक संप्रदान (घेणारा) आणि अधिकरण (ठिकाण) याच भाषेत नीट सांगता येतो. माझं म्हणणं तुम्हीच सिद्ध करता आहात.

तळटीप: ‘आय हॅड बीन गिव्हन अ बुक’चं काय करता? इंग्रजीत घेणारा उचलून कर्त्याच्या जागी बसवता येतो. मराठीत ‘मला पुस्तक दिलं गेलं होतं’ म्हटलं तरी ‘मला’चा ‘ला’ सुटत नाही आणि क्रियापद पुस्तकाचंच ऐकतं.

कर्मणी: ‘दिलं गेलं होतं’ नकोच, त्याला अनुवादाचा वास येतो. ‘मला पुस्तक भेटलं होतं’ म्हणा.

जुना मास्तर: मिळालं होतं! माणसं भेटतात, वस्तू मिळतात.

कर्मणी: लाखो मराठी माणसांना वस्तू भेटतात, मास्तर. त्यांची मराठी कुणाहून कमी नाही.

जुना मास्तर: कमी म्हणत नाही. पण मिळणं आणि भेटणं असा नेमका भेद भाषेजवळ असताना तो पुसू द्यायचा, याचं वाईट वाटतं. उद्या ‘मी त्याला बोललो होतो’ हेही चालवाल.

शब्दवेडी: ते माझ्याच कथेत आहे! धाकटी म्हणते, ‘मी तुला बोलले होते.’ आमच्या घरात ‘मला बोलले’ म्हणजे रागावले. सांगायचं असेल तर ‘तुला सांगितलं होतं’, गप्पा असतील तर ‘तुझ्याशी बोलले होते’. लेखकाला रागावणं अभिप्रेत आहे की सांगणं, तेच कळेना.

कर्मणी: सांगणंच. धाकटी नव्या पिढीची आहे, ती असंच बोलणार. ‘आय टोल्ड यू’ करा.

सूत्रपाठी: पण मग ‘बोलले’ कर्त्याप्रमाणे चालतं आणि ‘सांगितलं’ कर्माप्रमाणे. ‘मी तुला एक गोष्ट बोलले’ यात ‘गोष्ट’ कर्म आहे की नाही, हे आधी ठरवायला हवं.

जुना मास्तर: ‘गोष्ट बोलले’ हे वाक्यच मला मान्य नाही.