स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेतच रेडिएशन: त्याने नेमके काय साधते?

प्रश्न
माझ्या वडिलांच्या स्वादुपिंडाच्या डोक्याकडील भागात कर्करोगाची गाठ आहे. केमोथेरपीने ती लहान झाली, तरी आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीला अजून चिकटलेली दिसते. गाठ काढल्यावर ऑपरेशन टेबलावरच रेडिएशनचा एक मोठा डोस देण्याचा डॉक्टरांचा विचार आहे. एवढा डोस एकदम कशासाठी, आणि त्यामुळे पुढची केमोथेरपी टळेल का?

उत्तर १
मी रेडिएशन विभागात काम करते. बाहेरून किरण देताना वाटेत जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग येतो, आणि या अवयवांना जास्त मात्रा सोसत नाही. म्हणून साधारण ५० ग्रेचा (ग्रे म्हणजे रेडिएशनची मात्रा मोजण्याचे एकक) डोस पाच-साडेपाच आठवड्यांत थोडा थोडा द्यावा लागतो. शस्त्रक्रियेत मात्र गाठ निघाल्यावर, आतड्यांची जोडणी करण्याआधी, सर्जन हे अवयव बाजूला सारतात, धमनीलगतच्या संशयित जागेवर नळीसारखा ॲप्लिकेटर टेकवतात आणि तेथे बहुधा १० ते २० ग्रे एकाच वेळी दिले जातात. यासाठी वापरले जाणारे इलेक्ट्रॉन किरण काही सेंटिमीटरच खोल जातात. किरण चालू असताना सर्वजण खोलीबाहेर थांबतात आणि भूलतज्ज्ञ कॅमेऱ्यातून मॉनिटरवर नजर ठेवून असतात. नंतर रुग्णाच्या अंगात किरणोत्सर्ग राहत नाही, त्यामुळे घरातल्या कोणीही त्यांच्याजवळ निःशंक बसावे.

उत्तर २
केमोथेरपी टळत नाही, हे मी स्पष्टच सांगतो. हा आजार पुष्कळदा यकृतात किंवा पोटाच्या आतील आवरणावर परततो आणि धमनीजवळ दिलेला डोस तेथवर पोहोचत नाही. त्याच जागी गाठ पुन्हा होण्याचे प्रमाण कमी झाल्याचे अनेक रुग्णालयांच्या अनुभवात दिसते; आयुर्मान वाढते असे मात्र ठामपणे सिद्ध झालेले नाही. तरीही धमनीलगत पेशी उरण्याची भीती खरी असेल, तर माझ्या मते हा पर्याय नाकारू नये. आतड्याचा भाग किरणांच्या क्षेत्रात राहिला, तर व्रण आणि रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून तो कसा वाचवणार हे सर्जनना जरूर विचारा.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. आधी बाहेरून रेडिएशन झालेले असेल, तर हा डोस कमी करतात का?

उत्तर १
हो, आधीची मात्रा धरूनच नवी ठरवतात. वडिलांना पूर्वी रेडिएशन दिले असल्यास त्याचा संपूर्ण तपशील शस्त्रक्रियेपूर्वीच रेडिएशनतज्ज्ञांकडे द्या.