मदत हवी आहे: कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत सापडलेला जुना बिडाचा पाइप

मंडळी, मंगळवार पेठेत आमच्या जुन्या घराच्या मागं ड्रेनेजसाठी खणताना चार फुटांवर बिडाचा जाड पाइप लागलाय, आतून मोकळा, पाणी नाही, जोडाला शिसं ओतलेलं. बाहेरचा व्यास अंदाजे नऊ इंच. गवंडी म्हणतोय भंगारात घाला, पण मला वाटतंय ही कळंबा तलावाची जुनी पाण्याची लाइन असावी, कारण कळंबा तलाव उंचावर असल्यानं पाणी उतारानंच शहरात यायचं आणि पाण्याचा खजिना (तलावाचं पाणी साठवायची शहरातली जुनी टाकी) आमच्यापासून हाकेच्या अंतरावर.

१८८६ च्या गॅझेटियरचा कोल्हापूरचा, म्हणजे २४ वा खंड चाळला, त्यात लाइन कुठल्या गल्लीतनं गेली ते मला काय सापडलं नाही. पेठेतली म्हातारी माणसं विचारली, एकानं कात्यायनीच्या जुन्या पाणीयोजनेचं नाव घेतलं, दुसऱ्यानं थेट राधानगरीचं (ते धरण शाहू महाराजांनी सुरू केलं पण पुरं झालं १९५७ ला, तेव्हा ते नसावं). पाइपावर अक्षरं आहेत का ते घासून बघितलं, गंजानं सगळं खाल्लंय. फोटो खाली टाकतोय.

पुढच्या सोमवारी खड्डा बुजवायचाय, आणि मोडी मला वाचता येत नाही, त्यामुळं पुराभिलेखागारात नुसतं जाऊन उपयोग नाही. कळंबा ते खजिना लाइनचा नकाशा कुणी प्रत्यक्ष बघितलाय का, आणि तिथं कुठलं दफ्तर मागायचं?